टेपचं टोक ढिलं का असतं?

नवी टेप हातात आली की टोकाचा हूक हलतो, हे लगेच लक्षात येतं. माल खराब निघाला असं वाटून काही जण रिव्हेट ठोकून तो घट्ट करून टाकतात. कृपया असं करू नका. टेपमधली सगळ्यात हुशार रचना हीच आहे.

हूकचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड असतो. फळीचं बाहेरून माप घेताना आपण हूक कडेला अडकवून पत्ती ओढतो. हूक पुढे सरकतो आणि शून्य त्याच्या आतल्या अंगाला येतं. कपाटाच्या आतलं माप घेताना तोच हूक बाजूला टेकून मागे सरकतो, आता शून्य बाहेरच्या अंगाला. हूक सरकतो तेवढा, जेवढी त्याची जाडी. म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. मात्र टेप सोडून देऊन पत्ती खाड्कन आत जाऊ दिली, की रिव्हेटची भोकं रुंदावत जातात आणि हा हिशेब बिघडतो.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, तरी सुतारकामात फूट, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) टिकून आहेत. प्लाय आठ बाय चार फुटांचा, जाडी मात्र १८ मिलिमीटर! घरी काम करणाऱ्याने सरळ मिलिमीटरच धरावेत, असं माझं ठाम मत आहे. समजा, शेल्फची आतली रुंदी तीन फूट पाच इंच आणि तीन सुतांना किंचित कमी भरली. त्यात १८ मिलिमीटरचे दोन उभे पडदे घालून तीन सारखे कप्पे करायचे. करा हिशेब! तीच रुंदी मिलिमीटरमध्ये १०५०. त्यातून ३६ वजा, उरले १०१४, भागिले तीन, प्रत्येक कप्पा ३३८. फळ्या कापताना यंत्राची करवत दर कापाला तीनेक मिलिमीटर लाकूड खाते, तेही आधीच धरा.

पत्तीच्या सुरुवातीला बहुधा छोट्या वर्तुळात रोमन दोन छापलेला असतो. हा अचूकतेचा वर्ग. या वर्गाच्या पाच मीटर टेपला १.३ मिलिमीटरपर्यंतची चूक माफ असते. उन्हाळ्यात पोलादही फुगतं: २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास पाच मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर. मीटरभराच्या शेल्फला हा फरक पाव मिलिमीटरही नाही, पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते.