संशोधनाचे दार कोणास उघडते?

हैदराबादेतील गजबजलेल्या हिमायतनगरातून ईशान्येस निघाले, की उस्मानिया विद्यापीठाच्या पलीकडे तार्नाका लागते. तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती १९५८ साली कुन्नूरहून या शहरात आली. थोडे पुढे हबसिगुडा येथे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आहे. डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ साली ते स्थापन झाले. सजीवाच्या पेशीतील अतिसूक्ष्म घटक कसे कार्य करतात आणि त्यांत बिघाड होऊन रोग कसा उद्भवतो, याचा शोध अशा ठिकाणी घेतला जातो.

आपल्या गावातील एखादी मुलगी बी. एस्सी. होते आणि असे संशोधन करण्याची इच्छा बोलून दाखविते. घरात क्षणभर शांतता पसरते. मग वडील विचारतात, “तेथे आपल्या ओळखीचे कोण आहे?”

वाचकहो, तेथे ओळखीचे कोणी असावे लागत नाही. एम. एस्सी. च्या सुमारास विद्यार्थ्याने ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी. ती वर्षातून दोनदा होते. वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्यास संशोधनवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. त्यानंतर संस्था मुलाखत घेऊन निवड करते. दुसरी वाट प्रकल्प सहायकाची. या जागांच्या जाहिराती संस्था आपल्या संकेतस्थळावर देतात. पैसे घेऊन जागा मिळवून देतो असे कोणी म्हणाल्यास तो फसवीत आहे असे निश्चित समजावे.

मात्र मातापित्यांपासून सत्य लपवू नये. प्रकल्प संपला की प्रकल्पातील जागाही संपते. डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि त्यानंतरही कायमची जागा लगेच हाती येईलच असे नाही. तरीही हे शिक्षण वाया जात नाही. लस व औषधे निर्माण करणाऱ्या कारखान्यांना अशा हातांची गरज असते. कोव्हॅक्सिन ही लस याच हैदराबादेत तयार झाली.

नकार आला तर काय करावे, हे कमला भागवत यांच्या चरित्रावरून शिकावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवूनही, केवळ स्त्री म्हणून त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. त्या घरी बसल्या नाहीत. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्या प्रत्यक्ष भेटल्या आणि एका वर्षाच्या परीक्षाकालाची अट पत्करून आत गेल्या. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. आपल्या माडांची ती साधी नीरा, पण तिनेही एका विदुषीला अभ्यासाचा विषय दिला!

म्हणून पालकांनी मुलीस ओळखीविषयी विचारू नये. “परीक्षा केव्हा आहे?” एवढेच विचारावे, आणि तोवर तिला अभ्यासासाठी घरात एक निवांत कोपरा द्यावा.