बायोटेकला टाकताय? आधी लॅब बघा

मोहर्लीत वाघ बघायला जग येतं. पण वाघाच्या विष्ठेतून डीएनए काढून तो वाघ नेमका कोणता, हे ओळखायचं काम हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळेत होतं. हीच बायोटेक्नॉलॉजी. पुण्याच्या सीरममध्ये लस बनते, तीही यातूनच.

अकरावीला बायोलॉजी घ्या, गणितही सोडू नका. मग बीएस्सी. मात्र नुसत्या पदवीवर बहुतेकदा लहानसहान नोकरीच हाती लागते. एमएस्सीसाठी गॅट-बी परीक्षा द्यावी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची मदत असलेल्या जागेवर प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतनही मिळतं.

कंपन्या मार्कांबरोबर हातही बघतात. पीसीआर स्वतः केलंय का? निर्जंतुक काम, रोजच्या नोंदी जमतात का? म्हणून पालकांनो, मुलीची फी भरण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. यंत्रांवर धूळ तर नाही ना, आणि मुलांना त्यांना हात लावू देतात का, तेवढं विचारा.