डिंभ्याच्या वरच्या गावातलं मूल आणि आपली मुलं

नारायणगाव, मंचर, ओतूरकडची कितीतरी मुलं शिकून अमेरिकेत, इंग्लंडात स्थिरावली. त्यांच्या घरात कधीतरी विषय निघतो : आपल्याच तालुक्यांच्या पश्चिमेला, डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर, कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत, तिथल्या एखाद्या मुलीच्या शिक्षणाला एखाद्या संस्थेमार्फत हातभार लावू. यात आपल्या मुलांनाही सामील करून घ्यावं असं आईवडिलांना वाटतं आणि ते योग्यच आहे. पण मुलांना यातलं काही चुकीचं सांगितलं जातं, आणि लहानपणी मनात बसलेलं चित्र पुढे सहजासहजी पुसलं जात नाही.

गैरसमज : आपण पैसे पाठवले नाहीत तर तिची शाळा सुटेल.

या भागात शासकीय आश्रमशाळा आहेत. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत त्या चालतात आणि तिथे राहणं, जेवण, शिक्षण मोफत असतं. त्या कशा चालतात यावर तक्रारी करता येतील, पण शाळा नाही असं म्हणता येणार नाही. खरी ओढाताण दहावीनंतर सुरू होते. कॉलेजसाठी घोडेगाव, मंचर, जुन्नर नाहीतर थेट पुणं गाठावं लागतं. वसतिगृहात नंबर लागला नाही तर खोलीचं भाडं, एसटीचा पास, प्रवेश परीक्षांची फी हे सगळं घरावर येतं.

आणि घर कशावर चालतं? पावसाळ्यातल्या भाताच्या एका पिकावर, नारायणगावच्या बाजूला जाऊन केलेल्या मजुरीवर आणि हिरड्यावर. उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, अंगणात पसरायचा, तो सुकून काळा पडला की व्यापाऱ्याला घालायचा. शाळकरी मुलंही सुट्टीत या कामाला लागतात. तेव्हा आपल्या मुलाला ‘ती गरीब आहे’ एवढंच सांगून थांबू नका. तिला हिरडा ओळखता येतो, आवणीच्या वेळी चिखलात वाकून रोप लावता येतं, हेही सांगा. आपल्या मुलाला यातलं काहीच येत नाही हे त्याच्या आपोआप लक्षात येईल.

गैरसमज : ते मूल अनाथ असतं आणि आता आपणच त्याचे आईबाबा.

अशी मदत मिळणाऱ्या बहुतेक मुलांना आईवडील किंवा निदान जवळची माणसं असतात. खर्च उचलल्याने कायद्याने कोणतंही नातं तयार होत नाही. मूल दत्तक घेणं ही वेगळी प्रक्रिया आहे आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी ती ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेमार्फत होते. ज्यांचे पालक खरोखर हरपले आहेत किंवा ज्यांना एकच पालक आहे, अशा मुलांसाठी केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपयांचं आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपयांचं साहाय्य आहे. निकषांत बसणाऱ्या घराला या साहाय्याचा अर्ज भरायला मदत करणारी संस्था मला जास्त मोलाची वाटते. ‘माझी बहीण भारतात आहे’ असं सहा वर्षांचा मुलगा शाळेत सांगू लागला तर त्याला प्रेमाने थांबवावं. तिला तिची भावंडं आहेत.

गैरसमज : पत्र म्हणजे तिने मानायचे आभार.

खरी गफलत इथे होते. संस्थेकडून आलेलं तिचं पत्र उघडायचं, ‘तुमच्यामुळे मी शिकते’ हे वाक्य शोधायचं आणि मुलाला दाखवायचं. त्यातून आपलं मूल दाता होतं आणि पलीकडचं मूल याचक. वास्तविक पत्रातून दोघांनाही मिळण्यासारखं बरंच आहे. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या सुमारे १०,००० जणांची माहिती तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेमार्फत प्रायोजक मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं दिसलं. नंतर इंडोनेशियातल्या मुलांची चित्रं तपासली, तेव्हा अशा मुलांच्या चित्रांत आशा अधिक दिसली. फी आणि गणवेशाइतकंच, ‘आपल्याला पुढे जाता येईल’ हे वाटणंही मोलाचं ठरतं असं या संशोधकांचं म्हणणं आहे.

पत्रही ही उमेद देऊ शकतं, म्हणून मुलाला लिहू द्या, आणि जमलं तर मराठीत. रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेल्या अक्षरांना असा खरा वाचक दुसरा कुठे मिळणार? बर्फ कसा पडतो, गणितात काय अडतं, आजी फोनवर काय म्हणाली, हे लिहावं. तिकडे पाऊस किती झाला, आवणी उरकली का, असं विचारावं. सुट्टीतल्या सहलींची आणि नव्या खेळण्यांची यादी नको. घरचा पत्ता किंवा फोन नंबरही नको. पत्रं संस्थेच्या हातूनच जावीत. उत्तराला महिने लागतात, कधी येतही नाही. त्याचा तगादा लावू नये.

तिचा फोटो फेसबुकवर टाकणं तर नकोच. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे.

गैरसमज : आपण मराठी, मग आपला पैसा परदेशी कसा?

भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी तो पैसा ‘परकीय योगदान’ ठरतो. अमेरिकेत जन्मलेल्या लेकीने गल्ल्यातून काढून दिलेले डॉलरही त्यातच आले. असा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

गैरसमज : एकदा सुरू केलं की ती मोठी होईपर्यंत चालणार.

सरकारी निर्बंधांमुळे कम्पॅशनला मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत थांबली आणि त्यांची पत्रंही. घर स्थलांतरित होतं, संस्था गाव बदलते, आपलीही नोकरी जाते. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं. थांबायची वेळ आलीच तर निरोपाचं पत्र त्यानेच लिहावं.

पैसे पाठवण्याआधी संस्थेची नोंदणी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर तपासा, आणि तपासताना मुलांना शेजारी बसवा. सुट्टीत गावी आलात तर मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला डिंभं लागतंच. पण संस्थेला आधी कळवून, मुलीच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच तिच्या दारात जा.