'ढ' म्हणण्यापूर्वी

शाळेच्या वर्गात एक अक्षर फार स्वस्त झाले आहे. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत या अक्षराच्या वळणात फारसा फरक पडला नाही. म्हणून ज्या विद्यार्थ्यात काही केल्या सुधारणा दिसत नाही त्याला हे नाव चिकटले, असे सांगतात. जे मूल अक्षरांनीच गांजलेले असते, त्याच्याच कपाळी पुन्हा एक अक्षर मारले जाते.

चौथीतला एखादा मुलगा पाहावा. पाऊस कसा पडतो, हे तो तोंडी नीट सांगतो. दुकानातला हिशेब त्याला बिनचूक येतो. ऐकलेली गोष्ट तो तपशिलासह पुन्हा सांगतो. परंतु तोच धडा वाचायला उभे केले की तो अडखळतो, ओळ सोडतो, शब्दाचे पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो. वहीत 'भ' च्या जागी 'म', 'घ' च्या जागी 'ध' उतरतो. शिक्षक म्हणतात, "लक्ष नाही." वडील म्हणतात, "आळशी आहे." काही दिवसांनी मुलगाही तेच म्हणू लागतो, आणि खरा अनर्थ तेथे घडतो.

डोळे, कान आणि बुद्धी ठीक असून, शिकवणीही रीतसर मिळत असून वाचन साधत नाही, या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. जर्मन नेत्रवैद्य रूडॉल्फ बर्लिन यांनी हा शब्द प्रथम वापरला. पुढे 1896 मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणितात चांगला होता. परंतु स्वतःचे नावसुद्धा त्याला बिनचूक लिहिता येत नसे. सगळे शिक्षण तोंडी दिले तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

बोलणे मूल ऐकून आपोआप शिकते. वाचणे मात्र शिकवावे लागते. शब्द कानावर पडतो तो सलग. त्यातील ध्वनी सुटे करून प्रत्येकाला एकेक खूण जोडणे, हे वाचनाचे मूळ काम होय. या मुलांची अडचण बहुधा येथेच असते. ती पुष्कळदा घराण्यातही आढळते. आपल्या लिपीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ इंग्रजीपेक्षा चांगला असल्याने मराठी वाचताना असे मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण फार सावकाश. तथापि देवनागरीचेही काही पेच आहेत. 'कि' म्हणताना 'क' आधी ऐकू येतो, पण वेलांटी आधी काढावी लागते. 'धर्म' या शब्दात 'र' ऐकू येतो 'म' च्या आधी, आणि रफार बसतो 'म' च्या डोक्यावर. सराव झालेल्याला हे जाणवतही नाही. या मुलाला ते प्रत्येक ओळीत जाणवते.

बेळगाव, गोवा, बडोदे, हैदराबाद येथील शिक्षकांनी आणखी एक भेद ओळखला पाहिजे. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी, अशी तेथील अनेक मुलांची स्थिती असते. मराठी सफाईने वाचणारे मूल कानडीत किंवा इंग्रजीत अडखळत असेल, तर बहुधा तो त्या भाषेच्या अपरिचयाचा परिणाम होय. परंतु नीट शिकवूनही प्रत्येक लिपीत तीच अडचण दिसत असेल, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. पहिली-दुसरीत अक्षरांची उलटापालट अनेक मुले करतात. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. प्रथम डोळे आणि कान तपासावेत. काही महिन्यांच्या वह्या जपून ठेवाव्यात. तज्ज्ञाला त्यांचा फार उपयोग होतो.

मग वर्गात काय करावे? न वाचता आलेला धडा दहा वेळा वाचायला लावणे हा उपाय नव्हे. शब्द टाळ्या वाजवून तोडावा, त्यातील ध्वनी सुटे करून म्हणून घ्यावेत. अक्षर मोठ्याने उच्चारत बोटाने वाळूत किंवा पिठात गिरवून घ्यावे. डोळा, कान आणि हात यांनी एकाच वेळी शिकण्याची ही पद्धत आपल्या जुन्या धूळपाटीपासून फार दूर नाही. अशा मुलाला वर्गापुढे अचानक वाचायला उभे करू नये. उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवावा. फळ्यावरचा सारा मजकूर उतरवून घेण्याची सक्ती नसावी. इतिहासाच्या उत्तरात इतिहास तपासावा, ऱ्हस्व-दीर्घ नव्हे.

यात इतर मुलांवर अन्याय होतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु परीक्षा ज्ञानाची आहे की लिहिण्याच्या वेगाची, हे आधी ठरवावे लागेल. कायद्याने ते ठरवले आहे. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा उल्लेख होता. अध्ययन-अक्षमता त्यात नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या एकवीस केली आणि तिचाही समावेश केला. ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य उपाय योजणे हे या कायद्याने शिक्षणसंस्थांचे काम ठरवले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, अशा सोयींची तरतूदही त्यात आहे. यास्तव पालकांनी त्या मागताना संकोच बाळगू नये. प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट पाहू नये.

डिस्लेक्सिया औषधाने जात नाही. योग्य शिकवणीने वाचन सुधारते, वेग मात्र कदाचित कमीच राहतो. परंतु आपण मूर्ख आहोत अशी एकदा मुलाची खात्री झाली, की ती पुसणे वाचन शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. म्हणून 'ढ' हे अक्षर ओठांवर येण्यापूर्वी शिक्षकाने त्या मुलाची वही मिटावी, आणि तोच प्रश्न त्याला एकदा तोंडी विचारून पाहावा.