टॅली चालेल का?

मालाड स्थानकाच्या पश्चिमेस, नटराज मार्केटपासून स्वामी विवेकानंद मार्गाच्या दुतर्फा, करसल्लागारांची, सनदी लेखापालांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची जी दफ्तरे दाटीवाटीने थाटलेली आहेत, त्यांतील जुन्या संगणकांचे भवितव्य १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी एकाएकी संदिग्ध झाले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नित्याची देखभाल बंद केली. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही जी सुरक्षा-चीप लागते, ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. यंत्र धडधाकट असूनही ते मोडीत काढावे, की त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी, असा विचार निघाला म्हणजे हिशेबनीस एकच प्रश्न विचारतो : ‘त्यावर टॅली चालेल का?’

कोणतीही आज्ञावली पडद्यावर चौकट आखणे, फाइल जतन करणे, प्रिंटर चालवणे ही कामे स्वतः करीत नाही. प्रत्येक कामासाठी ती कार्यप्रणालीकडे, कचेरीत अर्ज करावा तसा, ठराविक नमुन्यात अर्ज करते. विंडोजचे नमुने निराळे, लिनक्सचे निराळे. त्यामुळे एकीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीच्या दारात खोळंबते. मग हे सारे अर्ज नव्याने लिहावे लागतात, किंवा मध्ये दुभाषा बसवावा लागतो. ‘वाइन’ हा असाच दुभाषा. त्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याची १.० ही आवृत्ती निघाली २००८ मध्ये. दुसऱ्याचे नमुने, त्यांतील काही तर अप्रकाशित, हुबेहूब वठविण्यास किती काळ लागतो याचा अंदाज या पंधरा वर्षांवरून यावा.

कॅनडाच्या कोरेल कंपनीने हे धाडस करून पाहिले. वर्डपरफेक्ट हा तिचा नामांकित लेखनसंच तिने १९९८ मध्ये लिनक्सवर आणला आणि २००० साली सबंध ऑफिससंच वाइनच्याच साहाय्याने आणला. पण तो मंद आणि अडखळता ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि पुढच्या वर्षी कोरेलने आपली लिनक्स प्रणाली विकून टाकली. या दोन घटनांचा परस्परसंबंध ज्याने त्याने लावावा. जर्मनीच्या स्टार डिव्हिजनने मात्र आपल्या आज्ञावलीचे अर्ज स्वतःच्याच एका मधल्या थरातून पाठविले होते. प्रणाली बदलली की तेवढा थर बदलावा. म्हणूनच स्टारऑफिस अनेक प्रणालींवर नांदले, आणि १९९९ मध्ये ते सन कंपनीने विकत घेतल्यावर त्याच्या वंशातून ओपनऑफिस व २०१० मध्ये लिब्रेऑफिस निपजले.

टॅलीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. श्यामसुंदर व भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये बंगळुरास सुरू केलेली ही हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठीच निघते, आणि वाइनमधून ती उघडली तरी कारकुनाच्या बोटांची तक्रार उरतेच. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, विक्रीला एफ८ ही त्याची वर्षानुवर्षांची वहिवाट. खतावणीचा कालावधी बदलण्यासाठी तो न पाहताच आल्ट आणि एफ२ दाबतो; आणि लिनक्सच्या बहुतेक मेजपृष्ठांवर याच कळांनी आज्ञा लिहिण्याची भलतीच चौकट पुढ्यात येते. कळांचा हा अर्थ बदलता येतो, हे खरे. पण मार्चअखेरीच्या धांदलीत तो बदलायला कोण बसणार? शिवाय लिनक्सवर गिऱ्हाईक नाही म्हणून विक्रेता तिकडे वळत नाही, आणि टॅली नाही म्हणून गिऱ्हाईक वळत नाही.

सरकारनेही या गाठीत आपला पीळ घातला आहे. प्राप्तिकर विवरणपत्राचा एक्सेलमधील नमुना लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, आकडेही दिसतात. परंतु तपासणीच्या बटणांमागील मॅक्रो मायक्रोसॉफ्टच्याच बोलीत लिहिलेले असल्यामुळे त्या बटणांचा भरवसा धरता येत नाही. पूर्वी याच खात्याचा जावातील नमुनाही मिळे आणि तो कोणत्याही प्रणालीवर चाले. तो मागे पडला, हे मला तरी उलट्या दिशेचे पाऊल वाटते.

आपल्या मराठीची कैफियत याहूनही जुनी. पुण्याच्या श्रीलिपीसारख्या संचांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे आपापल्या मांडणीने बसविले होते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर असे पत्र उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. युनिकोडने १९९१ पासून प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला. तथापि ती अक्षरे जोडून पडद्यावर रेखण्याचे काम प्रत्येक प्रणालीला निराळे शिकवावे लागले. लिनक्सला भारतीय लिप्या शिकविण्याचा ‘इंडिक्स’ हा उपक्रम मालाडहून फार दूर नसलेल्या जुहूच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, झाला. मराठीतील अर्धा र नीट रेखला गेला नाही, तर ‘आचाऱ्यांना’ द्यावयाचे मानधन कागदोपत्री ‘आचार्यांना’ जाते!

तेव्हा ज्या दफ्तराला स्थलांतर करावयाचे आहे त्याने टॅली, विवरणपत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांसाठी विंडोजचे एक चालू यंत्र खुशाल राखावे, आणि पत्रव्यवहार, अर्ज, अपिले एवढा कारभार लिनक्स व लिब्रेऑफिसकडे सोपवावा. मात्र त्याआधी जुन्या फाँटांतील पत्रे व करारनामे युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. आणि हे काम तो फाँट ज्या यंत्रावर आहे ते यंत्र सुरू होत आहे तोवरच करावे, कारण एकदा ते बंद पडले की उतरवलेली नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, हे ताडून पाहण्यास मूळच वाचता येणार नाही.