अंगणवाडीच्या ताई, पहिलीचे गुरुजी

जामनेर तालुक्यात घरोघरी तावडी बोली चालते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी. ३ ते ६ वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं ते घरची बोली घेऊनच, त्यामुळे ताईंशी नातं आधी भाषेतून जुळतं. अंगणवाडी ही २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भाग. तिथल्या सेविका आणि मदतनीस सहसा त्याच गावच्या असतात. पहिलीचे गुरुजी मात्र अनेकदा बदलीवर, दुरून आलेले, त्यामुळे या बोलीशी अनोळखी. बोली वर्गात आली तर प्रमाण मराठी मागे पडेल, हा आक्षेप टिकत नाही: मूल आधी मोकळेपणी बोलू लागलं, तरच नवे शब्द उचलतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ : कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. हक्क ६ ते १४ वयासाठी. त्याआधीच्या शिक्षणाची सोय करण्याची शासनाला कलम ११ मध्ये केवळ मुभा आहे.