सभेहून आल्यावरची पंधरा मिनिटं

गेल्या महिन्यातली गोष्ट. बचत गटाची बैठक आटोपून घरी आले. हप्ते, कर्जाचे अर्ज, दोघींची उणीदुणी, त्यात सगळ्याजणींचं एकदम बोलणं! दीड तासच बसले होते, पण अंगातलं त्राणच गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. धाकटी गणित विचारायला आली, तर तिच्यावर उगीचच खेकसले. तिचा चेहरा एवढासा झाला. "सभेला गेलीस की तू रागावतेस," ती म्हणाली. फार लागलं मनाला. गटाचं काम सोडूनच द्यावं, असंही वाटून गेलं.

मैत्रिणींनो, तुमचंही असं होतं का? मग स्वतःला माणूसघाणी समजू नका. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन स्वभावांचं विवेचन केलं. अंतर्मुख बाईला माणसं नकोशी असतात असं नव्हे. गर्दीत तिला लवकर शीण येतो आणि एकांतात तो उतरतो, इतकंच.

आणि ते दोनदा पडलेलं मीठ? सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं, तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. म्हणजे हात आमटीत, मन हप्त्यात!

तेव्हा एवढं करून पाहा. बैठकीतून उठण्यापूर्वी राहिलेली कामं वहीत टिपून ठेवा, म्हणजे ती डोक्यात घोळत नाहीत. येताना जमल्यास थोडं एकटंच चालत या. घरी आल्यावर हातपाय धुऊन पंधरा मिनिटं शांत बसा. मोबाईल मात्र दूरच बरा, नाहीतर व्हॉट्सॲपवर तीच बैठक पुन्हा भरते! मग आधी शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या अशी हातांची कामं घ्या. हिशेबाची वही नंतर. त्या दिवशी भाजी सकाळीच चिरून ठेवली, तर संध्याकाळी तेवढीच सोय.

सर्वांत महत्त्वाचं, घरच्यांना आधी सांगून ठेवा. न बोलता बसलं, की त्यांना वाटतं बाई रुसली!

परवाच्या बैठकीआधी मी धाकटीला जवळ घेऊन सांगितलं, "मी रागावत नाही गं, दमते." घरी आल्यावर खोलीत जाऊन बसले, तर तिनेच दार लोटून घेतलं. बाहेर सासूबाईंना सांगत होती, "आजी, हळू बोल. आईची पंधरा मिनिटं चालू आहेत."

गटाचं काम काही मी सोडलं नाही. आणि आमटीही छान झाली!